नदीकडे तोंड

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याला समुद्र नाही. मुंबईचे पाहुणे त्यावरून टोमणा मारतात आणि आपण ‘तुमच्याकडे पर्वती आहे का?’ असं विचारून विषय संपवतो. तरी आज बोलायचंय ते होड्यांच्या शर्यतीबद्दलच.

इंग्लंडच्या दक्षिणेला आयल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटंसं गाव म्हणजे काउज. १० ऑगस्ट १८२६ रोजी तिथे शिडाच्या ७ होड्यांची शर्यत लागली, बक्षीस १०० पौंडांचा सोन्याचा चषक. महायुद्धं आणि कोरोना सोडला, तर ऑगस्टातला ‘काउज वीक’, म्हणजे या शर्यतींचा आठवडा, ठरलेला.

काठावरच्या माणसाला त्यात दिसतं काय? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. पितळी तोफेचा बार होतो, शिडं एका अंगाला कलतात, आणि एकाच वेळी इतक्या शर्यती चालू असतात की पुढे कोण नि मागे कोण, काही कळत नाही. तरी माणसं येतात, तासन्‌तास बसतात.

मला तिथली एक युक्ती फार आवडते. वारा पडला आणि भरती-ओहोटीची ओढ उलटी असली, की शिडं लोंबायला लागतात आणि होडी मागे वाहू लागते. मुरलेला खलाशी तेव्हा गुपचूप नांगर टाकतो. बाकीचे मागे सरकतात. हा आहे तिथेच, म्हणून सगळ्यांच्या पुढे! नियमाला हे चालतं. सदाशिव पेठेत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

आता आपल्याकडे या. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा. मार्चमध्ये त्यांचा ‘रेगाटा’, म्हणजे होड्यांचा मेळा असतो, नदीकाठी, मुळा-मुठेच्या संगमाजवळ. इथे शिडं नाहीत, वल्ही आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रुमाल हातातच ठेवला होता; मार्चमधली आपली नदी कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. कायक, म्हणजे चिंचोळ्या होड्या, बाणाच्या आकारात सरकत आल्या, गाण्याच्या ठेक्यावर वळल्या, आणि शेजारच्या आजोबांनी ‘वल्हं एकदम पडलं पाहिजे, एकदम!’ असं तीनदा मला ऐकवलं. मग अंधार पडला, मशाली पेटल्या. पाण्यात तितक्याच मशाली उलट्या दिसत होत्या. पाणी किती घाण आहे, हे तेवढ्यापुरतं कुणाला दिसत नव्हतं.

काउजचं तोंड जन्मापासून पाण्याकडेच आहे. आपण मात्र नदीकडे पाठ करून राहतो. पुलावरून जाताना काच वर करतो. एका संध्याकाळी हजारो पुणेकर तिच्याकडे तोंड करून बसतात, माझ्या मते रेगाटाची सगळी मजा यात आहे. कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी संगम पुलावर मी स्कूटर जरा हळू केली. खाली जलपर्णीच होती. मागून हॉर्न वाजला.

नमस्कार.