लिहिण्याचा वेळ घर देतं

(सीमाभागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, गावकरी मंडळी, आणि मंडपाच्या मागे चुलाणांपाशी असलेल्या माझ्या बहिणींनो, एक कर्णा तिकडेही लावलाय असं मला सांगितलंय, म्हणून तुम्हाला धरूनच बोलते.

'लेखन आणि संसार' असा विषय मला दिला आहे. हा विषय बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतो. सकाळच्या सत्रात जे कथाकार बोलले तेही संसारी आहेत. त्यांच्या घरी मुलं आहेत, दुभती म्हैस आहे. पण तुम्ही लिहीत बसता तेव्हा धार कोण काढतं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. विचारायला हवं. रागानं नव्हे, माहिती म्हणून. लिहिण्याचा वेळ कोणालाच आयता मिळत नाही. घरातलं दुसरं कोणीतरी आपला वेळ त्यात घालतं, तेव्हा तो तयार होतो. आज मला एवढंच सांगायचंय.

आपल्या भागाला हे खरं तर नवं नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कारदगा, माचीगड, बेळगावच्या आसपासच्या अशा कुठल्याही गावचं संमेलन घ्या. सुगी आटोपते, भात घरात येतं, आणि गावं संमेलनाच्या तयारीला लागतात. कोणी वर्गणी फिरवतं, कोणी मंडप घालतं, कोणी पालखी सजवतं, पोरं लेझीम बसवतात. पाहुण्या वक्त्याला उतरवायचं कोणाकडे हेही ठरलेलं असतं. एका दिवसाच्या साहित्यासाठी अख्खं गाव कामं वाटून घेतं. मोठ्या शहरातल्या लेखकांना मी हे सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. माझं म्हणणं असं की गावाला जे जमतं ते घराला का जमू नये? आणि गावातही वाटणी अजून पुरती झालेली नाही. स्वयंपाकाला जुंपलेल्या बायांना कविसंमेलन ऐकायला मिळावं, म्हणून निदान एका सत्रापुरतं चुलाण पुरुषांनी सांभाळावं, अशी विनंती मी संयोजकांना व्यासपीठावर येण्याआधीच केली आहे.

१९४६ साल आपण सगळे एका गोष्टीसाठी लक्षात ठेवतो. बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याच वर्षी इंदिरा संतांचे पती ना. मा. संत गेले. दोघांच्या कवितांचा एक संग्रह आधी निघाला होता, 'सहवास' नावाचा. आता बाई तिशीतच, पदरात तीन लहान मुलं. त्या बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत राहिल्या, पुढे तिथल्याच प्राचार्य झाल्या. आणि कविता? 'शेला' १९५१ चा, 'मेंदी' १९५५ चा, 'मृगजळ' १९५७ चा. मुलं वाढत होती ती नेमकी हीच वर्षं. साहित्य अकादमीचा पुरस्कार आला तो 'गर्भरेशीम'ला, १९८४ साली. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती.

आपण त्यांना विरहाची कवयित्री म्हणतो आणि थांबतो. मी नोकरी करणारी बाई आहे. मला त्या कवितांच्या मागे महिन्याचा पगार दिसतो, तपासायच्या वह्या दिसतात, पोराचा ताप दिसतो. त्यांची कविता बहुधा आटोपशीर असते. दिवसभर मनात धरून ठेवता येईल आणि रात्री कागदावर उतरवता येईल अशी. हे माझं वाचन आहे, कोणी वेगळं म्हणू शकेल. पण एक गोष्ट मी ठासून सांगते: इंदिराबाईंचं उदाहरण घरातल्या सुनेवर उगारू नका. 'त्यांनी एकटीनं सगळं केलं, तुला काय होतंय?' हे वाक्य मी फार ऐकलंय. एकटीनं करावं लागलं हे त्यांचं दुःख होतं. त्याचा दंडक करून दुसरीवर लादणं मला क्रूर वाटतं.

आता दुसऱ्या बाजूला कथाकार जी. ए. कुलकर्णी बघा. जन्म १९२३ चा, बेळगावशी नाळ जुळलेली. धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. लग्न केलं नाही. म्हणून लोक समजतात की त्यांना घरच नव्हतं. पण घर होतं आणि ते मावसबहिणी सांभाळत होत्या. त्यातल्या एकीनं नंतर आठवणी लिहिल्या, म्हणून आपल्याला ते कळलं तरी. ज्यांनी लिहिल्या नाहीत अशा किती बहिणी, किती आया मराठी साहित्याच्या पाठीमागे उभ्या असतील! निपाणीचे महादेव मोरे गॅरेजात राबले, टॅक्सी चालवली, पिठाची गिरणी चालवली आणि तंबाखूत राबणाऱ्या बायांच्या, ड्रायव्हरांच्या गोष्टी लिहिल्या. घर चालवायला घाम गाळणं आणि लिहिणं ही त्यांच्याकडे दोन वेगळी आयुष्यं नव्हती. आमच्या भागातला असा लेखक मला फार जवळचा वाटतो.

लेखनाच्या कार्यशाळेत सांगतात, रोज पहाटे लिहा. पहाटे! शेती-जनावरांच्या घरात पहाट कोणाच्या मालकीची असते? आमच्याकडे मे संपता संपता धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या रानात भाताची पेरणी, मग भांगलण म्हणजे खुरपणी, मग कोळपणी. गणपती झाले की जरा उसंत. मग सुगी: कापणी, मळणी. पाठोपाठ मसूर-हरभऱ्याचं रान. अशा घरात दिवसाचं वेळापत्रक टिकत नाही, वर्षाचं टिकतं. मी नव्या लिहिणाऱ्यांना हेच सांगते की आपल्या घराचं वर्ष मांडा, त्यातल्या मोकळ्या जागा शोधा आणि मोठं लेखन तिथे ठेवा. सुगीत नुसती टिपणं करा, बांधावर, पिशवीच्या मागच्या बाजूला, मोबाइलवर बोलून सुद्धा. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनाही एक सांगायचंय. तुम्ही साहित्य मागवता ते श्रावण-भाद्रपदाच्या आसपास. नागपंचमी, गौरी, गणपती, रानातली भांगलण, सगळं त्याच दिवसांत. बायकांचं लेखन कमी येतं अशी तक्रार करण्याआधी जरा पंचांग बघा. वैशाखातच पत्र पाठवा.

आमच्या घरी आम्ही काय केलं ते सांगते, कारण नुसता उपदेश नको. माझे यजमान बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत एका फौंड्रीत आहेत. त्यांची पाळी बदलते. पहिली पाळी असली की ते दुपारी घरी येतात. त्या आठवड्यात संध्याकाळची भाजी, मुलांचा अभ्यास, दूध डेअरीला घालणं त्यांच्याकडे, आणि मी आतल्या खोलीत. दुसरी पाळी असली की माझं लेखन बंद, फक्त वाचन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो, गॅसची तारीख असते, भिशी असते, तिथेच 'कथा' असंही लिहिलेलं असतं. भिंतीवर आलं की ते घराचं काम होतं. त्या वेळेला कोणी पाहुणा आला तर यजमान त्याला सांगतात, 'ती कामात आहे.' हे वाक्य घरातल्या पुरुषानं पाहुण्यासमोर म्हणणं याला आमच्या गावात फार किंमत आहे.

आणि सासूबाई. त्यांना वाचता येत नाही. लिहून झालेलं मी त्यांना वाचून दाखवते. त्या मसूर उपटायला गेलेल्या बायांबद्दल, जात्याबद्दल, कर्नाटकात राहून मराठी बोलणाऱ्या माहेराबद्दल अशा काही गोष्टी पुरवतात की त्या मला कुठल्याही वाचनालयात मिळाल्या नसत्या. एखाद्या रात्री म्हणतात, 'तू बस गे लिवत, भाकऱ्या मी थापतो.' पण इथे सावध राहायला हवं. 'घरच तुझं विद्यापीठ' असं गोड बोलून बाईला चुलीपाशी ठेवणारी माणसंही आहेत. घर साहित्य पुरवतं हे खरं, पण ते कागदावर यायला दार लावून बसायचा तास लागतोच. आणि सासूबाई भाकऱ्या थापतात तेव्हा एक बाई दुसऱ्या बाईला वेळ देत असते. त्यांचे गुडघे दुखतात. तो वेळ त्यांच्याकडून कायम घेत राहणं मला मान्य नाही, म्हणून माझा मुलगा भाकरी शिकतोय.

मुलांचा प्रश्न आपल्याकडे आणखी एका अंगानं अवघड आहे. मुलाला कन्नडचा धडा समजावायचा, इंग्रजीचा प्रोजेक्ट करून घ्यायचा, आणि मग आपण मराठीत लिहायला बसायचं. अनेक घरांत आईचं लिहिलेलं मुलं वाचत नाहीत, कारण त्यांना मराठी वाचायचा सराव नाही. हे फार लागतं मनाला. माझा उपाय साधा आहे. छापून आलेली गोष्ट मी मुलीकडून मोठ्यानं वाचून घेते. अडखळते, हसते, 'असं नव्हतं झालं' म्हणून भांडते. तो वेळ लेखनातून जात नाही आणि घरातूनही जात नाही.

घरच्यांवर लिहावं का? लिहावं. गाव लहान असतं, नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. म्हणून ज्याच्यावर आहे त्याला आधी ऐकवावं. 'नको' म्हणालं तर पेटीत ठेवावं, फाडू नये.

आता एका मुलीची चिठ्ठी आलीय. नाव वाचत नाही. ती विचारते, 'लग्न ठरतंय. मी लिहिते हे आधी सांगू की नंतर?' आधी सांग. नोकरी सांगतो, शिक्षण सांगतो, शेत किती ते विचारतो, तसंच बैठकीत सर्वांसमोर सांग: मी लिहिते, त्याला वेळ लागतो, तो वेळ मला या घरात हवा आहे. मुलालाही विचार, तुला काय करायला वेळ हवा असतो? त्याला भजन असेल, कबड्डी असेल, तालीम असेल. तोही कॅलेंडरवर लिहायचा. मुलीच्या आईवडिलांनो, तुम्ही हे झाकू नका. छंद आहे, लग्नानंतर सुटेल, असं सांगून तिला सासरी पाठवू नका. आणि बाळ, वही बरोबर आणली असशील तर परिसंवाद सुरू व्हायच्या आत ये. मी ग्रंथविक्रीच्या टेबलापाशी आहे.