बाथरूमच्या खिडकीतला पुठ्ठा आणि भिंतीवरचा अलार्म

नमस्कार श्रोतेहो.

थंडी पडायला लागली की आपल्याकडे बऱ्याच घरांत एक काम हमखास होतं. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्यांमधून गार वारा येतो, म्हणून तिथे पुठ्ठा बसतो. कोणी जुनं वर्तमानपत्र कोंबतं, कोणी प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने डकवतं. त्याच खिडकीशेजारी गॅस गीझर टांगलेला असतो. नळ सोडला की ठिणगी पडते, ज्योत पेटते आणि कढत पाणी यायला लागतं. आज मला बोलायचं आहे ते या ज्योतीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड नावाच्या वायूबद्दल, आणि तो ओळखणाऱ्या अलार्मबद्दल.

गॅसला जळायला भरपूर हवा मिळाली, तर त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड निघायला लागतो. आपली बाथरूम असते केवढी? चार फूट बाय सहा फूट. दार लावलेलं, खिडकी बुजवलेली. गीझर खोलीतलाच ऑक्सिजन वापरतो, जळून झालेली हवा खोलीतच सोडतो आणि तीच पुन्हा आत ओढतो. एकामागून एक चौघं आंघोळीला जाणार असतील, तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला सगळ्यात वाईट हवा येते. आणि सगळ्यांचं आवरून झाल्यावर शेवटी आंघोळीला जाते ती बहुतेक वेळा घरातली बाई.

सिलिंडरमधला गॅस गळला तर घरभर वास सुटतो, कारण तो वास त्यात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, चव नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. तो श्वासावाटे रक्तात जातो आणि ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला धरून बसतो. ऑक्सिजनच्या तुलनेत त्याची ही पकड दोनशे ते अडीचशे पट जास्त असते. मग रक्त फिरत राहतं, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं. मग हातापायांतली ताकद जाते. दार उघडायला हवं हे माणसाला कळतं, पण हात कडीपर्यंत जात नाही.

भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी असे इतके रुग्ण पाहिले की वैद्यकीय लिखाणात त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असंच नाव पडलं. बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला झटका येतो, घरचे त्याला फेफरं समजतात, आणि काही वेळा फिट्सची औषधंही सुरू होतात. गीझर मात्र जिथे होता तिथेच राहतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. करोनाच्या काळात आपण घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेतले. ते यंत्र या वायूच्या बाबतीत चकतं. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन चिकटलाय की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही. आकडा ९८ दाखवेल आणि माणूस गुदमरत असेल.

म्हणजे नाक उपयोगाचं नाही आणि ऑक्सिमीटरही नाही. पूर्वी इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा घेऊन कामगार खाली उतरत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ती कल्पना सुचवली होती. इवल्याशा पक्ष्याचा श्वास जलद, त्यामुळे वायूचा परिणाम त्याच्यावर आधी दिसे आणि माणसांना पळायला वेळ मिळे. ही पद्धत तिथे १९८६ पर्यंत चालू होती. पक्ष्याचं ते काम आता तळहातावर मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र करतं.

हे यंत्र घेताना आपल्याकडे हमखास होणारी गल्लत सांगतो. दुकानात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून मागितलं तर बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारं यंत्र हातात मिळतं. ते वेगळं. ते जमिनीलगत लावतात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळजवळ हवेइतकंच, त्यामुळे तो खोलीभर पसरतो, आणि ज्योतीच्या गरम हवेबरोबर आधी वर चढतो. गळतीच्या यंत्राला कार्बन मोनॉक्साइड कळेलच असं नाही, आणि धुराच्या अलार्मलाही नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ ही अक्षरं स्पष्ट हवीत, आणि ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ यांपैकी एक मानक छापलेलं हवं. पहिलं युरोपातलं, दुसरं अमेरिकेतलं. कुठलंच मानक नसलेलं स्वस्तातलं यंत्र घेऊ नका. ते घेतलं की आपण निर्धास्त होतो, आणि ते वेळेवर वाजेल याची हमी कोणीच दिलेली नसते.

आता हे यंत्र वाजतं कसं ते समजून घ्या, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. वायूचा कण दिसला की लगेच ठणाणा, असं ते करत नाही. किती वायू आणि किती वेळ, या दोन्हींचा हिशेब ते धरतं. युरोपीय मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग असतील, तर अलार्म ६० ते ९० मिनिटांत वाजायला हवा. १०० भाग असतील तर १० ते ४० मिनिटांत. ३०० भाग झाले तर ३ मिनिटांच्या आत.

झोपायच्या खोलीसाठी हा हिशेब उत्तम आहे. बाथरूमसाठी नाही. आपली आंघोळ दहा-पंधरा मिनिटांची, खोली चिमुकली, वायू भराभर वाढणारा. शिवाय वाफेने आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी यंत्राचा संवेदक, म्हणजे वायू ओळखणारा भाग, बिघडतो, म्हणून उत्पादक स्वतःच सांगतात की हे बाथरूममध्ये लावू नका. नेमकी जिथे आपल्याला सगळ्यात जास्त भीती, तिथेच हा अलार्म लावता येत नाही. त्यामुळे अलार्म आणला, आता गीझर आत असला तरी चालेल, असं कृपा करून कोणी समजू नका. आधी गीझर बाथरूमच्या बाहेर काढा. पाण्याची नळी आत आणणं हे प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे.

बाहेर म्हणजे कुठे, हेही महत्त्वाचं. फ्लॅटमध्ये तो ड्राय बाल्कनीत लावतात. जागा चांगली आहे, पण ती बाल्कनी खरोखर उघडी हवी. पावसाचं पाणी येतं म्हणून तिला स्लायडिंगच्या काचा बसवल्या आणि त्या कायम लावून ठेवल्या, तर ती पुन्हा बंद खोलीच झाली. आणि तिचं दार स्वयंपाकघरात उघडतं, म्हणजे वायू घरात यायला वाट तयार.

भाड्याचं घर आहे, मालक हलवू देत नाही, अशी अडचण असेल तर निदान एवढं करा. खिडकीतला पुठ्ठा आजच काढा. दार उघडं ठेवून बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, हवा बदलू द्या, आणि मग आंघोळीला जा. शॉवरची चैन नको. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना आतून कडी लावू देऊ नका.

मग अलार्म लावायचा कुठे? दोन जागा धरा. एक, गीझर किंवा गॅसवर चालणारं उपकरण ज्या खोलीत किंवा जिच्या लगत आहे ती खोली. तिथे उपकरणापासून आडवं अंतर एक ते तीन मीटर ठेवा. भिंतीवर लावत असाल तर दार-खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा उंच, पण छतापासून किमान १५ सेंटिमीटर खाली. छतावर लावत असाल तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर तरी आत. आपल्याकडे छताला पंखा असतो. त्याच्या थेट झोतात यंत्र नको, कारण तिथली हवा खोलीतली खरी स्थिती दाखवत नाही. पडद्यामागे नको, कपाटात नको, शेगडीच्या डोक्यावर नको. दुसरी जागा म्हणजे झोपायची खोली. तिथे यंत्र झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीला असलं तर उत्तम. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत वेगळं काही लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

इन्व्हर्टर असलेल्या घरांसाठी खास सूचना. पाणी घालायच्या बॅटऱ्या चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो, आणि या अलार्मचा संवेदक हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. बॅटरीच्या शेजारी अलार्म लावलात तर लाइट जाऊन आली की तो उगीच वाजेल. चार वेळा असं झालं की घरातलं कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवणार, हे ठरलेलं. दिवाळीआधी घराला रंग देताना थिनरच्या वासानेही तो वाजू शकतो. रंगकाम चालू असताना त्याला दुसऱ्या खोलीत हलवा आणि रंग वाळला की परत जागेवर लावा.

यंत्रावर एक तपासणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. त्याने भोंगा, बॅटरी आणि सर्किट कळतं, पण संवेदक जिवंत आहे की नाही ते कळत नाही. संवेदकाचं आयुष्य ठरलेलं असतं. साधारण पाच ते दहा वर्षं, यंत्रागणिक वेगळं. मागच्या बाजूला ती तारीख असते. भिंतीवर लावण्याआधी ती मार्करने पुढच्या बाजूला ठळक लिहा, म्हणजे स्टुलावर चढून यंत्र उलटं करून बघावं लागणार नाही. मिनिटाला एखादी बारीक टिकटिक ऐकू आली तर बॅटरी संपत आलीय किंवा यंत्राचं वय झालंय. धोक्याचा आवाज वेगळा असतो, मोठा आणि न थांबणारा. अमेरिकेतल्या यंत्रांत चार बीप, थोडी शांतता, पुन्हा चार बीप असा त्याचा ठेका असतो. बटण दाबून तो आवाज घरातल्या सगळ्यांना एकदा ऐकवा, मुलांनाही.

आणि तो खरोखर वाजला तर? सगळ्यांनी घराबाहेर पडायचं. वाटेत असेल ती खिडकी उघडा, हाताशी असेल तर गॅसचं बटण बंद करा, पण त्यासाठी रेंगाळू नका. बाहेर आल्यावर माणसं मोजा आणि १०८ ला किंवा ११२ ला फोन करा. आवाज बंद करायचं बटण दाबून पुन्हा झोपायचं नाही. दारं-खिडक्या उघडल्यावर थोड्या वेळाने अलार्म आपोआप थांबतो, आणि लोक म्हणतात, ‘बघा, उगीचच वाजला.’ तो थांबला, कारण वायू बाहेर गेला. वायू कशातून आला, हे शोधून दुरुस्त होईपर्यंत ते उपकरण पेटवायचं नाही. बाथरूममध्ये कोणी पडलं असेल तर दार तोडून आधी त्या माणसाला मोकळ्या हवेत ओढा. आत वाकून पाणी मारत, हाका मारत बसलात तर तुम्हीही पडाल.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की घरात गीझर चालू होता किंवा शेगडी पेटलेली होती, आणि कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे रक्तातल्या किती हिमोग्लोबिनला हा वायू चिकटलाय त्याची, तपासणी होईल का ते विचारा. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी बसू नका. ताप नाही, पण घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी आणि मळमळ, आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं होत असेल तर खाण्यातून काही बाधलं असं समजण्याआधी ज्योतीकडे बघा. ज्योत निळी न दिसता पिवळी दिसते का, गीझरच्या आसपास काजळी धरली आहे का.

गीझरइतकंच मला बाळंतिणीच्या खोलीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. खाटेखाली कोळशाची शेगडी, वर ओवा-शेपेची धुरी, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. यामागची माया मला कळते. पण धूर संपून लालबुंद झालेल्या निखाऱ्यांतूनही हा वायू निघतच असतो, आणि भरपूर निघतो. बाळाचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. अलार्म आहे म्हणून शेगडी खोलीत नेऊ नका.

पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जाणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगणं. बार्बेक्यूचे विझत आलेले निखारे ऊब म्हणून तंबूत घेऊ नका. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधल्या दमन इथे सहलीला गेलेले केरळचे आठ जण, त्यांत चार मुलं, एका बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि आठही जण दगावले. थंड हवेच्या ठिकाणी जाताना एक अलार्म बॅगेत टाकून न्यायला काहीच हरकत नाही.

ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांना हे यंत्र तिथल्या भिंतीवर दिसलं असेल. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, स्वयंपाकाचा गॅस सोडून जळणावर चालणारं कुठलंही कायमचं बसवलेलं उपकरण ज्या खोलीत असेल, तिथे हा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. तुम्ही तिकडे राहायला गेलात आणि तो टिकटिकायला लागला, तर आवाज नको म्हणून बॅटरी काढून ठेवू नका. मुलाला किंवा सुनेला कामावर फोन करून विचारा. आणि तो मोठ्याने, न थांबता वाजला तर कोट चढवायला न थांबता बाहेर या, आणि फोन बाहेरून करा.