पत्रावळीवरची भोकं

(वाचनालयाच्या श्रावणातल्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात तुम्ही आलात, आणि पुढच्या रांगेत सातवी-आठवीची मुलं बसली आहेत, मला फार बरं वाटलं. पत्रिकेवर विषय छापलाय ‘कमी खर्चात अचूक नेमबाजी आणि काडतूस भरण्याची कला’. त्यातलं काडतुसाचं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा आज इथून कुणी काडतूस भरायला शिकून जाणार नाही. तरीही तो शब्द मी मुद्दाम ठेवायला लावला. रायफल हातात धरायच्या आधी नेमबाजानं काय शिकावं, ते काडतूस भरणाऱ्या माणसाला नेमकं ठाऊक असतं. मला ते आजोबांकडून कळलं.

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. कुळागर म्हणजे पोफळीची बाग, वर काजूची बाग, त्याच्या वर रान. रानडुकरं काय करतात ते इथे बसलेल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको. एका रात्रीत भुईमुगाचं वाफं उलटं करतात. आजोबांकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे तोंडाकडून भरायची: आधी दारू, वर नारळाच्या सोडणाच्या काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजानं ठासायचं आणि शेवटी केप, म्हणजे ठिणगी देणारी टोपी. म्हणजे प्रत्येक बार हे हातानं भरलेलं काडतूसच.

दारू मोजायला त्यांच्याकडे वेळूचं एक नळकांडं होतं, बोटाएवढं. ते भरायचं आणि वरून माडाच्या हिराची सपाट केलेली काडी फिरवून काठोकाठ करायचं. दाबायचं नाही, आपटायचं नाही. मी लहानपणी विचारलं, ‘आजोबा, चार दाणे इकडेतिकडे झाले तर काय होतं?’ ते काही बोलले नाहीत. दसऱ्यानंतर बंदूक साफ केली की ते फणसाच्या पानांची पत्रावळ कुंपणाला टांगत, तीस पावलं मोजत आणि एकच बार काढत. मग पत्रावळ उतरवून मला भोकं मोजायला लावत. त्या वर्षी त्यांनी दोन पत्रावळी टांगल्या. एक बार नळकांड्यानं भरलेला, दुसरा नुसत्या मुठीच्या अंदाजानं, थोडा कमीच. पहिल्या पत्रावळीवर भोकं भरगच्च आणि मधोमध. दुसरीवर थोडी, तीही खालच्या कडेला. बंदूक तीच, माणूस तोच, अंतर तेच.

आता या नळकांड्याची गोष्ट थोडी लांबेल, पण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका बहुधा पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एकदा पंचायतीची निवडणूक ऐन पावसाळ्यात आली. आजोबांनी बंदूक नेऊन दिली, तिच्याबरोबर पिशवी दिली, पिशवीत नळकांडं. दोन महिन्यांनी परत मिळाली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस गंज, गजाला बुरशी, आणि पिशवी नाहीच. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘बंदूक मिळाली ना, मग झालं.’ गोव्याच्या पावसात लोखंड कोरड्या कपड्यात न गुंडाळता, तेल न लावता कोपऱ्यात उभं ठेवायचं! मला आजही त्याचा राग आहे. आजोबांचा राग मात्र गंजावर नव्हता. गंज त्यांनी आठ दिवसांत घासून काढला. ते म्हणाले, ‘बंदूक दुसरी मिळेल रे, माप मिळायचं नाही.’ नवं नळकांडं कापून, कानशीनं एकेक केस घासून, जुन्या बाराची भोकं पुन्हा पत्रावळीवर दिसेपर्यंत त्यांचा महिना गेला. परवान्यावर मिळणारी दारू मोजकी, त्यामुळे एकेका चाचणीला आठवडा थांबायचं.

परदेशात हौशी रायफलवाले टेबलावर बसून करतात ते आजोबांचंच काम, फक्त यंत्र बारीक. उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच पुन्हा वापरायचं, तळाची पेटणारी टोपी नवी बसवायची, दारू काट्यावर तोलायची, वर गोळी. पैसे वाचतात हे खरं, पण मुरलेला माणूस ते करतो कारण पन्नासावा बार पहिल्यासारखाच व्हावा. ते तोलतात ग्रेनमध्ये, मूळ अर्थ धान्याचा दाणा. आपला सोनार तोलायचा गुंजेत. एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. दोन्हीकडे मापाला बीच घेतलं, कारण रानाशेतातली त्यातल्या त्यात सारखी वस्तू तीच. (हे मला फार आवडतं, म्हणून सांगितलं.) आणि एक लक्षात ठेवा, पॉइंट टू-टूची, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलची, काडतुसं परत भरताच येत नाहीत, त्यांचा पेटणारा मसाला तळाच्या कडेतच असतो. २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्य जिंकलेला कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे, २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, यांची काडतुसं याच प्रकारची. तिथे नेमबाज काडतूस भरत नाही, आपल्या नळीला कुठल्या खेपेची काडतुसं मानवतात ते मारून पाहतो. कारखान्याच्या मालातही माप शोधावंच लागतं.

आणि आता आपली एअर रायफल, दारूऐवजी हवेच्या दाबावर चालणारी. मी मुलांना १० मीटर शिकवतो. तीन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. उभं राहणं सुरेख, श्वास छान, आणि गोळ्या निशाणाच्या सात-आठ गुणांच्या वर्तुळांत विखुरलेल्या. तीन आठवडे आम्ही तिचा कोपर बदलला, पाय बदलले, गालाची टेक बदलली. ती रडकुंडीला आली. मग एक दिवस मी तिची पुडी पाहिली. दुकानदारानं पेलेट डब्यातून काढून कागदाच्या पुडीत सुटी दिली होती, आणि ती दप्तरात पुस्तकांखाली दाबून येत होती. पेलेट म्हणजे मऊ शिसं, कमरेशी बारीक, मागचा घेर पातळ आणि पोकळ. हवेच्या दाबानं तो घेर फुलून नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पिळदार खाचांना, धरतो. घेर चेपला की एका बाजूनं हवा निसटते. आम्ही खिडकीची काच टेबलावर ठेवून एकेक पेलेट तिच्यावरून घरंगळवली. चांगली एकसारखं वळण घेत जाते, चेपलेली लंगडत जाते. जवळजवळ निम्मी लंगडली. उरलेल्या पेलेटनी त्याच संध्याकाळी तिचे नऊ-दहा आले. तिचे तीन आठवडे गेले त्याला मीही कारण होतो; मी आधी पेलेट पाहायला हवी होती.

…अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय, दहाच मिनिटं उरलीत. मग पत्रिकेवर कबूल केलेलं, कमी खर्चातल्या नेमबाजीचं, भराभर सांगतो.

परवाना: ४.५ मिलिमीटर नळीची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनी तशी मोकळीक दिली आहे. स्पर्धेची जर्मन रायफल दोन लाखांच्या पुढे जाते. ती मनातून काढा. देशी स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते आणि पहिलं वर्ष तिच्यावर निघतं. तिचा धक्का पुढे-मागे दोन्हीकडे असतो, म्हणून ती घट्ट आवळायची नाही. पुढचा हात नुसता तळहाताच्या उशीसारखा ठेवायचा, आणि रोज तिथेच.

उरलेले पैसे पेलेटवर घाला. चपट्या तोंडाची घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते. ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशी डोक्याची मापं असतात. प्रत्येकाची थोडी थोडी आणा, रायफल उशीवर टेकवून पाच-पाच मारा, कुठला पुंजका लहान पडतो ते पट्टीनं मोजा. सोनाराच्या काट्यावर तोलायची हौस असेल तर तोला, एक पेलेट साधारण सव्वाचार-साडेचार गुंजा भरेल. पण १० मीटरला वजनातल्या फरकापेक्षा चेपलेला घेर जास्त घात करतो.

निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. पेलेटची कड त्याला लागली की दहा, म्हणजे मधला बिंदू अडीच मिलिमीटरपर्यंत चुकला तरी चालतं. पण नेम धरायची नळीवरची पुढची आणि मागची माशी यांत सत्तर सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यांची जुळणी ०.१ मिलिमीटरनं हुकली, तर निशाणावर नेम जवळजवळ दीड मिलिमीटर सरकतो. म्हणून नजर पुढच्या माशीवर, निशाण थोडं धूसर दिसलं तरी चालेल. बीजिंगला ११ ऑगस्ट २००८ ला अभिनव बिंद्रानं शेवटची गोळी १०.८ मारली, तेव्हा आमच्या घरी टीव्हीपुढे कुणी श्वास सोडला नव्हता.

आईवडिलांसाठी: शिसं आहे, मारून झालं की साबणानं हात धुवायचे, पेलेट तोंडात धरायची नाही, खोलीत काही खायचं नाही. निशाणामागे लोखंडी पेटी हवी, भिंत चालत नाही, पेलेट उलटून येते. डोळ्यांना चष्मा. नळीचं तोंड कायम निशाणाकडे, बोट घोड्याबाहेर. आणि आपला पावसाळा: बाहेरून पातळ तेलाचा हात, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि रायफल फोमच्या पेटीत महिनोन् महिने बंद ठेवायची नाही, फोम ओल धरतो.

मुलांनो, रायफल नसली तरी आज रात्रीपासून करता येईल असं एक सांगतो. दरवाजाचा अडसर किंवा सरळ काठी खांद्याला लावा, टोकाशी एक रुपयाचं नाणं ठेवा, भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहा आणि बोट सावकाश मागे घ्या. नाणं पडलं तर पुन्हा. त्या मुलीनं ते तीस वेळा न पडता केलं, तेव्हा मी तिला खरी रायफल दिली. ती आज मागच्या रांगेत बसली आहे. काच, आणि चांगल्या व चेपलेल्या पेलेटच्या दोन पुड्या तिनं आणल्या आहेत. चहा घेताना टेबलापाशी या, कुठली पेलेट लंगडते ते ती दाखवेल.