तिथीची पाऊणपट

या या, मागच्यांनी पुढे या, पुढच्या खुर्च्यांवर बोर्डाचे नंबर टाकलेले नाहीत. नोटिशीत 'सोशल मीडिया कमी करण्याचे पाच सोपे उपाय' असं लिहिलंय ते माझं नाही, कमिटीचं आहे. मी फक्त 'छंदाबद्दल बोलते' म्हटलं होतं. आणि ती नोटीस तुम्ही वाचलीत कुठे, तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, म्हणजे व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच मी हरले. असो. पाच उपाय सांगते शेवटी, नक्की सांगते, आधी माझी फजिती ऐका.

तुम्हाला माहितीये मी अकाउंट्सची बाई. बावीस वर्षं कंपनीच्या बसने पाम बीच रोडवरून गेले-आले, आणि खिडकीतून एकदाही खाडीकडे नीट बघितलं नाही. ठाणे खाडी 2015 ला फ्लेमिंगोंचं अभयारण्य झाली, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत गेली, दोन्ही बातम्या मी फोनवरच वाचल्या आणि लाईक केल्या. मग रिटायर झाल्यावर लेकीने कॅमेरा दिला तेव्हा तळ्यावर जायला लागले. (आपल्या सीवूड्सच्या तळ्यांचं काय चाललंय यावर मी बोलायला लागले तर रात्री इथेच अंथरुणं घालावी लागतील, म्हणून तो विषय नको.)

तर फेब्रुवारीतली सकाळ, भरतीची वेळ. खाडीतलं खाजण पाण्याखाली गेलं की हे पक्षी तळ्यात येऊन बसतात, अख्खं तळं गुलाबी होतं. मी एक फोटो काढला आणि तिथल्या तिथे, बांधावर उभी राहूनच फेसबुकवर टाकला, 'लेसर फ्लेमिंगो, नेरुळ, आजची सकाळ'. लेसर म्हणजे लहान जातीचा, ग्रेटर म्हणजे मोठ्या. वा काकू, मस्त काकू, हार्ट, हार्ट. आणि मग एक मुलगा लिहितो, 'काकू हा ग्रेटर आहे, चोच बघा.'

आता मला कुणी चूक दाखवली की मला व्हाउचर लागतं. मी म्हटलं पुरावा दे. त्याने लिंक दिली, मी दुसरी लिंक दिली, त्याने माझाच फोटो मोठा करून त्यावर लाल गोल काढला, मला त्या गोलाचाच राग आला, मध्येच एक बाई येऊन म्हणाल्या भांडू नका, शुभ सकाळ, सोबत गुलाबाचं फूल. असं दीड-दोन तास चाललं. उन्हाने स्क्रीन दिसेना तेव्हा मान वर केली तर ओहोटी लागून सगळा थवा खाडीत चरायला गेलेला! तळ्यात एक बगळा उभा, तोही माझ्याकडे पाठ करून.

आणि मुलगा बरोबर होता हो. मोठ्या फ्लेमिंगोची चोच गुलाबी, फक्त टोक काळं. लहानाची अख्खी चोच गडद, लांबून काळीच वाटते. माझ्याकडे चारशे फोटो होते आणि चोच मी एकदाही बघितली नव्हती, लाईक किती आले ते मात्र तोंडपाठ.

त्या रागात मी दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि फोन घरी ठेवून वही-पेन्सिल घेऊन गेले. चित्र अगदी भिकार आलं, पायच जुळेनात. गुडघा मागे वळलेला दिसायचा. खूप खोडाखोडी केल्यावर कळलं की तो गुडघा नाहीच, तो घोटा, गुडघा वर पिसांत लपलेला. खाताना फ्लेमिंगो डोकं उलटं घालतो, वरची चोच खाली येते आणि तीही हलते, आपला वरचा जबडा हलवून बघा, जमतंय का. बघा, सगळे करून बघतायत!

काय? दहा मिनिटं? अरे देवा. बरं, मुद्दा.

मुद्दा असा की फोन सोडून रिकामा वेळ काढायचा ही कल्पनाच चुकीची आहे. वेळ रिकामा राहत नाही. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली, दहा दिवसांत इथे इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाले. मी स्वतः इन्स्टाग्राम उडवलं आणि आठवड्यात यूट्यूबच्या शॉर्ट्सवर सापडले. पेपर निदान खेळाच्या पानावर संपतो, हे संपतच नाही. म्हणून त्या जागी असं काहीतरी पाहिजे ज्याची वेळ आपल्या हातात नाही. तबल्याचे गुरुजी, तुमचा भजनी क्लास, काहीही. माझ्याकडे भरती आहे, ती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, 'उद्या बघू' चालत नाही तिथे.

उपाय म्हणाल तर एक, नोटिफिकेशन बंद. दोन, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. तीन, काढलेलं चित्र त्या दिवशी कुणालाही पाठवायचं नाही, हा सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही. चार आणि पाच कमिटीने ठरवावेत.

आणि रविवारी द्वादशी आहे. कोकणात भरतीची वेळ काढायला करतात तशी तिथीची पाऊणपट करा. बारा पाऊणे? नऊ. बरोबर, नऊच्या सुमाराला पूर्ण भरती, म्हणजे आठला गेटपाशी. पेन्सिली मी आणते, खोडरबर मात्र आपापलं आणा, माझं संपलंय. तो लाल गोलवाला मुलगाही येतोय, बी विंगमध्येच राहतो, हे मला नंतर कळलं. चला, त्या भरतनाट्यमच्या मुलींना आत घ्या, कधीच्या दाराशी घुंगरू बांधून उभ्या आहेत.