पंधरा हजार सह्या: चेरोकींचा हद्दपारीविरुद्धचा लढा

पडद्यावर दिसणारे अंक अमेरिकेच्या आग्नेय भागातील चेरोकी या मूलनिवासी राष्ट्राच्या ‘चेरोकी फिनिक्स’ या वृत्तपत्राचे आहेत. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी जॉर्जियातील न्यू इकोटा या चेरोकी राजधानीत ते सुरू झाले आणि इंग्रजीबरोबरच सेक्वोया यांनी घडवलेल्या चेरोकी लिपीतही छापले जाऊ लागले. आदल्याच वर्षी या लोकांनी स्वतःची लिखित राज्यघटना स्वीकारली होती. रानटी ठरवून ज्यांना हाकलण्यात आले, ते लोक असे होते.

जमीन देऊ नका, अशी विनवणी चेरोकी स्त्रियांनी आपल्या राष्ट्रीय परिषदेला १८१७ सालीच केली होती. पुढे त्या मुलखात सोने सापडले आणि गोऱ्यांचे लोंढे येऊ लागले. १८३० साली मूलनिवासींना पश्चिमेकडे हलवण्यासाठीचा अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा विस्थापन कायदा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी संमत झाला. इतकी अटीतटी झाली, कारण विरोध गोऱ्या अमेरिकनांकडूनही होत होता: शिक्षणतज्ज्ञ कॅथरीन बीचर यांच्या आवाहनावरून गावोगावच्या स्त्रियांनी, ज्यांना मताचा अधिकारही नव्हता, अमेरिकी काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, अर्ज धाडले होते. १८३२ साली तर चेरोकी भूमीवर जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेच दिला. पण जॉर्जियाने तो जुमानला नाही.

डिसेंबर १८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यांत ‘फिनिक्स’चे पहिले संपादक एलियास बूडिनो हेही होते. लोकांना वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नाही, असे त्यांना वाटत होते. तरीही राष्ट्राच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. मुख्य प्रमुख जॉन रॉस यांनी करार नाकारला आणि पंधरा हजारांहून अधिक नावांचा निषेध अर्ज वॉशिंग्टनला गेला. चेरोकींची संख्या सोळा हजारांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले तर त्या अर्जाचे वजन कळते. सिनेटने मात्र, एक मत कमी पडले असते तर हुकले असते असे जेमतेम दोन तृतीयांश बहुमत गाठून, त्या मूठभरांचा करार १८३६ सालीच मंजूर केला होता.

मे १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉट यांच्या सैनिकांनी माणसांना राहत्या घरांतून ओढून छावण्यांत कोंडले. तिथल्या रोगराईत आणि पुढच्या वाटचालीत सुमारे चार हजार जण दगावले, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. त्याच उन्हाळ्यात, पश्चिमेकडे निघण्यापूर्वी, छावणीत भरलेल्या चेरोकी परिषदेने ठराव केला: आम्ही ही भूमी विकलेली नाही आणि आमची राज्यघटना व आमचे कायदे अजूनही लागू आहेत.