घाटावरचे आणि घाटाखालचे

[दृश्य: कर्जत स्टेशन. पुण्याकडे जाणारी गाडी फलाटाला लागलेली. मागून दोन इंजिनं हळूहळू येऊन शेवटच्या डब्याला टेकतात.]

निवेदन:

पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते, ती मुळात प्रवाशांसाठी नव्हे. फलाटावरच्या वडापाववाल्यांना हे पटणार नाही, पण खरं कारण गाडीच्या शेपटाकडे आहे. तिथे जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे बोरघाट. चढ असा, की गाडी ३७ फूट पुढे सरकली की १ फूट वर चढते. पुढच्या इंजिनाला एकट्याने ते झेपत नाही. मग हे बँकर लोणावळ्यापर्यंत मागून रेटतात आणि तिथे सुटे होतात.

मुंबईकर म्हणतो, पुण्याचं सगळंच असं. मागून ढकलल्याशिवाय काही हलायचं नाही.

पुणेकर म्हणतो, उंचावर यायचं म्हणजे धाप लागणारच.

[दृश्य: गाडी बोगद्यात शिरते. अंधारात शीर्षक.]

हे भांडण महाराष्ट्रात कुणाला नव्याने सांगायला नको. पाट्या, दुपारची एक ते चार, लोकलची गर्दी, खोल्यांचं क्षेत्रफळ, यावर आपण वेळ घालवणार नाही. ते विनोद आज सकाळीच तुमच्या फोनवर येऊन गेले असतील. आपण बघणार आहोत, या दोन शहरांचं एकमेकांवाचून अडतं कुठे. कारण जिथे अडतं, टोमणा तिथूनच निघतो.

सुरुवात रस्त्यापासून करू. १८३० साली मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याच रस्त्यावरचा दगडी पूल आपण सगळे अमृतांजन पूल म्हणून ओळखायचो. त्यावर बामची जाहिरात असायची, तेच नाव पडलं. तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला, टाळेबंदीने रस्ता मोकळा होता तेव्हा. एरवी एवढा वेळ घाट रिकामा सापडला असता का, हा प्रश्न शनिवारी सकाळी एक्सप्रेस-वेवर अडकलेल्या कुणालाही विचारा.

रेल्वे मात्र तुकड्यातुकड्यांनी आली. १८५८ साली पुणे ते खंडाळा रूळ तयार होते, घाटाखाली खोपोलीपर्यंतही गाडी येत होती. मधला घाट राहिला होता. म्हणजे मुंबईहून आगगाडीने निघायचं, खोपोलीला उतरायचं, पालखीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्याला चढायचं आणि पुन्हा आगगाडी धरायची. घाटातल्या कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रजाकडे आला आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या बायकोने, अॅलिसने, तो ठेका सोडला नाही, पुरा करून घेतला. १८६३ साली घाटातून गाडी धावली. त्या बोगद्यांत किती मजूर गेले, त्यांची नावं कुठल्याच कमानीवर नाहीत.

[दृश्य: पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. पाऊस. मनोऱ्यावर कॅमेरा.]

आता ही इमारत बघा. गणेशखिंडीतली. पुणेकर हिच्यासमोर उभा राहून विद्येचं माहेरघर वगैरे सांगू लागला, तर मुंबईकराने शांतपणे विचारावं, बांधली कुणासाठी? मुंबईच्या गव्हर्नरसाठी. पावसाळ्यात मुंबईची हवा साहेबाला सोसत नसे, म्हणून सरकारचा मुक्काम पुण्यात हलायचा. साहेबामागे दरबार, दरबारामागे घोडे. आजही रेसचा मोसम तसाच आहे. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात महालक्ष्मी.

आणि विद्येचं म्हणाल तर मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, पुण्याचं १९४९ चं. मधली नव्वदेक वर्षं डेक्कन कॉलेज असो की फर्ग्युसन, शिकवायचं पुण्याने आणि पदवीवर शिक्का मुंबईचा. पुणेकर हे ऐकून गप्प बसेल असं वाटत असेल तर तुम्ही पुणेकर पाहिलेला नाही. तो म्हणेल, शिक्का कुणीही मारतो, शिकवलं कुणी ते सांगा.

काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचंही तेच. १८८५ साली ते पुण्यात भरायचं ठरलं होतं. ऐन वेळी पटकीची साथ आली आणि २८ डिसेंबरला अधिवेशन भरलं ते मुंबईत, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत. शाळेच्या पुस्तकात नाव मुंबईचं गेलं. उच्च न्यायालयाची कथा आजची आहे. पुण्याच्या वकिलांनी खंडपीठासाठी वर्षानुवर्षं मागणी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं, पण कोल्हापूरला. पुण्याच्या पक्षकाराने पहाटे उठून मुंबईचीच गाडी धरायची.

[दृश्य: पुणे स्टेशन, सकाळचे सात. डेक्कन क्वीन. खिडकीशी पासधारकांचा घोळका.]

ती गाडी बहुधा हीच. डेक्कन क्वीन. १ जून १९३० रोजी पहिल्यांदा धावली, कल्याण ते पुणे. सुरुवातीला ती शनिवार-रविवारची चैनीची गाडी होती, रेसच्या शौकिनांची. पुढे तिच्यात चाकरमानी चढले आणि गाडीचं वळणच बदललं. सकाळी पुण्याहून मुंबई, संध्याकाळी मुंबईहून पुणे. वेळापत्रकच सांगतं की ही पुणेकरांची गाडी आहे. मुंबईचा पगार आणि पुण्याची झोप, असा हा सौदा. पासधारकांच्या डब्यात कोण कुठे बसतो हे ठरलेलं असतं आणि नवख्याला ते न बोलता समजावलं जातं. जेवणाच्या डब्यात चीज टोस्ट आणि ऑम्लेट येतं. दर १ जूनला फलाटावर केक कापून गाडीचा वाढदिवस करतात. मुंबईकराला हे फार गमतीचं वाटतं. आमच्या लोकलचा वाढदिवस करायचा तर केक डब्यात न्यायचा कसा, असं तो विचारतो. प्रश्न रास्त आहे.

“तुमच्याकडे दुपारी गाव झोपतं,” हे याच डब्यातलं जुनं वाक्य.

“तुमच्याकडे माणूस उभ्याउभ्या झोपतो.”

[दृश्य: मुळशी धरण. पाण्याच्या कडेला शेत. आवाज नाही, फक्त वारा.]

इथे चेष्टा थोडी बाजूला ठेवू. लोणावळ्याच्या डोंगरावर पडणारा पाऊस एरवी पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात गेला असता. टाटांनी तो धरणात अडवला, नळातून पश्चिमेला खोपोलीकडे सोडला आणि १९१५ साली त्या पाण्यावर वीज केली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना. मग नजर मुळशीकडे वळली. तिथल्या मावळ्यांची भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, पुढे पांडुरंग महादेव बापट हे त्याचा चेहरा झाले. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्याने दिली. धरण झालंच. मुळशीचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याला जातं, वीज करतं आणि कोकणात वाहून जातं.

पुण्यात उन्हाळ्यात पाणीकपात लागली की मुळशीचं नाव निघतं. ही तक्रार मुंबईकराच्या कानी सहसा जात नाही, कारण बटण दाबलं की दिवा लागतो, त्यामागचं गाव दिसत नाही. पुणेकरालाही खरं तर ते उशिराच दिसू लागलं. मुळशीच्या शेतकऱ्याला विचारलं, तर त्याला दोन्ही शहरं सारखीच लांब आहेत.

[दृश्य: पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी. एक कारागीर, एक बारीक कुंचला.]

गणपतीचं थोडक्यात. पहिला सार्वजनिक गणपती कुणाचा, हा वाद पुण्यातल्या पुण्यातच मिटलेला नाही. भाऊ रंगारी की लोकमान्य, १८९२ की १८९३. मुंबईने त्यात पडू नये, तिच्या गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीचा गणपती १८९३ चा आहेच. पुणे मानाच्या पाच गणपतींवर अडून बसतं, मुंबई लालबागच्या रांगेवर. दोघांच्याही घरातली मूर्ती पुष्कळदा या पेणच्या पाटावरून उठलेली असते. एक टेम्पो घाट चढतो, दुसरा खाडी ओलांडतो.

[दृश्य: पूना क्लबचं मैदान. रिकामी खेळपट्टी. जुन्या धावफलकाची छायाचित्रं.]

आता क्रिकेट. इथे घाई नको.

मार्च १९४९. रणजी करंडकाचा उपांत्य सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्राचा संघ नावाने महाराष्ट्राचा, घर पुण्यात. त्याच मोसमात याच मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या होत्या. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ फक्त ९ धावांवर होत्या आणि काठियावाडने सामनाच सोडून दिला. मुंबई सामना सोडणाऱ्यांतली नव्हती.

मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या, माधव मंत्र्यांच्या २००. महाराष्ट्राने ४०७. आघाडी २४४ ची. दुसरा कुणी असता तर फॉलोऑन देऊन, म्हणजे महाराष्ट्राला लगेच पुन्हा खेळायला लावून, घरी लवकर गेला असता. मुंबईने पुन्हा फलंदाजी घेतली आणि ८ बाद ७१४ वर डाव सोडला. महाराष्ट्रापुढे आव्हान ९५९ धावांचं. हसू नका. महाराष्ट्राने ६०४ केल्या. सामना सात दिवस चालला, नऊ शतकं झाली, एकूण धावा २,३७६. प्रथम श्रेणीच्या सामन्यात एवढ्या धावा जगात आजवर कुठे झालेल्या नाहीत. मुंबई ३५४ धावांनी जिंकली. ‘खडूस’ हा शब्द मुंबईच्या क्रिकेटला नंतर चिकटला, पण तो खेळ त्या मार्चमध्ये पुण्याने पुरेपूर पाहिला होता.

[दृश्य: २०१७. हैदराबादचं मैदान, रात्र.]

पुढचा हिशेब ६८ वर्षांनी. आयपीएलमध्ये पुण्याच्या रायझिंग पुणे सुपरजायंट संघाने त्या मोसमात मुंबई इंडियन्सला तीनदा गाठलं आणि तिन्ही वेळा हरवलं. त्यांतले दोन विजय वानखेडेवर. चौथी गाठ अंतिम सामन्यात, २१ मे रोजी. मुंबईच्या धावा फक्त १२९. शेवटच्या षटकात पुण्याला ११ हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर ४. दोन पळून झाल्या, तिसरीला धावबाद. १२८. पुणे एका धावेने हरलं.

त्यानंतर तो संघ उरलाच नाही, दोन वर्षांचाच करार होता. २०१८ साली चेन्नईत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जचे सामने पुण्याजवळ गहुंजेला हलवले. आदल्या वर्षी धोनी पुण्याकडून खेळला होता, हे निमित्त पुरलं. पुणेकर पिवळे शर्ट घालून गेले. २८ एप्रिलला तिथे मुंबई इंडियन्स घाट चढून आले आणि ८ गडी राखून जिंकले.

पुणेकराला त्या रात्रीबद्दल विचारा. तो म्हणेल, हरली ती चेन्नई.