डोक्याला जबर मार: सीटीत काय कळतं, काय कळत नाही

नमस्कार श्रोतेहो.

धडगाव-अक्कलकुव्याकडून बेशुद्ध माणूस नंदुरबारला येतो, तिथून धुळ्याला. नातेवाईक विचारतात, ‘सीटी स्कॅनमध्ये काय निघालं?’ आणि लगेच, ‘शुद्धीवर येईल ना?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर सीटीत मिळतं. दुसऱ्याचं एकट्या सीटीवरून देता येत नाही, आणि कुणी दिलं तर त्यावर घाईनं निर्णय घेऊ नका.

सीटी काही मिनिटांत होतो, म्हणून आधी तोच. रक्त कुठे साचलंय आणि मेंदू किती सरकलाय, हे त्यात बघतात. कवटी आणि मेंदूच्या जाड आवरणामधली रक्ताची गाठ 30 मिलिलिटरपेक्षा मोठी असेल, तर पेशंट शुद्धीत असला तरी ऑपरेशन करावं लागतं. आवरणाखालची गाठ 10 मिलिमीटरपेक्षा जाड असेल किंवा मेंदूची मधली रेषा 5 मिलिमीटरहून जास्त सरकली असेल, तरीही तेच. कवटीलगतच्या गाठीत कधीकधी माणूस मधेच शुद्धीवर येऊन नीट बोलतो आणि पुन्हा कोसळतो. त्याला ‘बरा झाला’ म्हणून घरी नेऊ नका. वेळेत ऑपरेशन झालं तर असा पेशंट बहुधा चांगला सुधारतो.

अवघड असतो तो सीटी जवळपास स्वच्छ असूनही खोल बेशुद्ध असलेला पेशंट. जोराच्या हिसक्यानं मेंदूतले बारीक तंतू तुटलेले असतात, ते सीटीत सहसा दिसत नाहीत. एमआरआयत दिसतात, पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पेशंट स्थिर झाल्यावरच. इजा मेंदूच्या देठात, ब्रेनस्टेममध्ये, दोन्ही बाजूंना असेल तर आशा बरीच कमी होते. फक्त वरच्या भागात असेल तर थांबायला जागा आहे.

निकाल बिघडतो तो पुष्कळदा रस्त्यात. वरचा रक्तदाब 90च्या खाली गेला किंवा प्राणवायू कमी पडला, की वाचलेला मेंदूही मरतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मान न वळवता, सगळं अंग एकत्र फिरवून कुशीवर करा. डॉक्टरमित्रांनो, झोपेचं औषध देण्याआधी ग्लासगो स्कोअर (शुद्ध किती आहे याचे गुण), डोळ्यांच्या बाहुल्या आणि वेळ चिठ्ठीवर लिहाच; नंतर तो स्कोअर खरा मिळत नाही. स्टेरॉइड देऊ नका. 2004च्या मोठ्या चाचणीत त्यानं मृत्यू वाढले.

किती सुधारणा झाली, हे साधारण सहा महिन्यांनी मोजतात. पहिल्या तीन दिवसांत ‘आता काही उरलं नाही’ असं ठरवणं बहुतेक वेळा घाईचं असतं. आणि पुढे नाशिकला न्यायचं ठरलं, तर फिल्मसोबत सीटीची सीडीही मागून घ्या.